काकासाहेबांना लावायचा फोन

रामेश्वरला एकच फोन लावायचा होता. नंबर त्याच्याकडे होता, रिचार्ज होता, मुकुंदवाडीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी रेंजही भरपूर होती. फोन उचलणारा माणूस काही वाघ नव्हता. पैठणच्या कालव्याकडचा साठी उलटलेला एक शेतकरी, काकासाहेब त्याचं नाव. तरीही पाडव्याच्या आधीचा सबंध आठवडा रामेश्वर त्या फोनभोवती असा घुटमळत राहिला, की बघणाऱ्याला वाटावं, पलीकडून हा माणूस गोळीच घालणार आहे.

मागायची होती ती मेंढरांसाठी जागा. रामेश्वरचे वडील मुंजाबा आणि आई बानाबाई सिल्लोडच्या पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगरात मेंढरं घेऊन होते. दर उन्हाळ्यात कळप तिथून खाली उतरायचा, शहराच्या कडेकडेनं पैठणच्या अंगाला जायचा आणि काकासाहेबांच्या शेतात बसायचा. गहू आणि कांदा निघून गेलेल्या रानात मेंढरं मुक्कामाला बसली की शेताला फुकटचं खत मिळतं. मेंढरांना त्यांच्या विहिरीचं पाणी मिळायचं आणि माणसांना दोन पायल्या ज्वारी. कागद नाही, सही नाही, नुसत्या शब्दावर वर्षानुवर्षं चाललं होतं. मात्र तो शब्द दर साली नव्यानं घ्यावा लागायचा. न विचारता धरून चाललेलं काकासाहेबांना खपत नसे.

विचारायचं काम रामेश्वरचा चुलता सखाराम करायचा. गेल्या साली तो वारला. या होळीला रामेश्वर डोंगरात आई-बापाला भेटायला गेला, तेव्हा मुंजाबा म्हणाला की या खेपेला मीच चालत जाऊन काकासाहेबाला विचारून येतो. त्यावर रामेश्वर हसला. सिडकोतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर प्लॉटचे नकाशे काढणारा तो माणूस. म्हणाला, "आबा, कशाला एवढी तंगडतोड? मी बसल्या जागेवरून सगळं जमवतो. आता नेटचा जमाना आहे."

मुंजाबानं लेकाकडं कौतुकानं बघितलं. मग म्हणाला, "बरं झालं बाबा. पन एक ध्यानात ठेव. औंदा पानी नाय. काकासाहेब नाय म्हनला, तर मी हितंच सिल्लोडच्या बाजारात अर्धी मेंढरं काढतो आन उरल्याली घेऊन खाली खानदेशात उतरतो. आत्ता अंगावर मास हाय, गिऱ्हाईक इचारंल तरी. उन्हाचं चालून चालून हाडं झाली, का फुकट घ्यायला बी कुनी येत नाय. आमुशापातुर काय ते बग."

"तुम्ही निवांत राहा," रामेश्वर म्हणाला. आणि मुंजाबा खरोखरच निवांत राहिला. लेक शिकलेला होता.

आता रामेश्वरला कुणी आळशी म्हणेल, तर ते साफ खोटं आहे. नुसती रिळं बघत लोळणारा माणूस निदान तासाभरानं स्वतःलाच शिव्या घालतो. रामेश्वरची गोष्ट निराळी होती. तो सारखा काहीतरी कामाचं करत असे, आणि तिथंच सगळा घात होता. त्याला नकाराची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. एकदा विचारलं की उत्तर येणार. ते 'नाही' असलं तर ते आबाला सांगावं लागणार, आणि मग डोळ्यांदेखत अर्धा कळप जाणार. त्या कळपावर तो शिकला होता. त्याच्या वसतिगृहाच्या फीसाठी दर जूनला आबा दोन बोकड विकायचा. न विचारलेल्या प्रश्नाला नकार येत नाही, एवढ्या एका आधारावर त्यानं दिवस ढकलायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी फोन हातात घेतला तो लावायलाच. पण काकासाहेबांचं नाव शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं की आपल्या फोनमध्ये नुसता गोंधळ माजलाय. 'गॅसवाला', 'गॅसवाला नवीन', 'गॅसवाला नवीन दुसरा', 'नळवाला खोटारडा'. एकच साडू तीन ठिकाणी. सखारामकाकाचा नंबर अजून तसाच. म्हटलं, आधी हे साफ करू. गुगलला विचारलं, दुहेरी नंबर एकत्र कसे करायचे. त्यावर दोन व्हिडिओ पाहिले. सगळी नावं मराठीत केली, त्यांचे गट पाडले. काकासाहेबांच्या नावासमोर त्यांचं गाव भरलं, तालुका भरला, कालव्याच्या चारीचा नंबरही भरला. इतका नीटनेटका नंबर त्याच्या फोनमध्ये दुसरा कुठला नव्हता. फक्त तेवढा लावायचा राहिला, कारण तोवर काकासाहेबांची जेवायची वेळ झाली होती.

"लावला का फोन?" योगिनीनं विचारलं. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला जायची, आणि दारात चप्पल काढता काढताच तिचा हा पहिला प्रश्न असायचा.

"आता जेवत असतील ते. उद्या."

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, काकासाहेबांशी बोलायचं तर माहितीनिशी बोललं पाहिजे. नाथसागरात पाणी किती, कालव्याला आवर्तन सुटणार की नाही, हे ठाऊक नको? ऑफिसात साहेब बाहेर गेल्यावर त्यानं धरणाच्या पातळीचे आकडे काढले. मग मागच्या सालचे काढले, मग त्याच्या मागचे. एक तक्ता झाला. तक्त्याचा आलेख झाला. आलेखात दुष्काळाची सालं तांबडी केली, बरी सालं हिरवी केली. तांबड्याची छटा जरा भडक वाटली म्हणून बदलली. ते सगळं त्यानं मेंढपाळांच्या शिकलेल्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं. 'छान माहिती सर', 'लई भारी काम', असे शेरे, अंगठे आणि जोडलेले हात येऊ लागले, तसा त्याच्या छातीवरचा दगड खरंच थोडा हलका झाला. काहीतरी मोठं काम उरकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी फोन लावायची आठवण झाली तेव्हा तोच दगड पुन्हा छातीवर येऊन बसला होता, आणि आता तो सकाळपेक्षा जड होता.

गल्लीत नव्या पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. रामेश्वरनं तिसऱ्या दिवशी त्या खड्ड्याचे फोटो काढून महापालिकेच्या ॲपवर रीतसर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर आला. मग विजेच्या बिलावरचं नाव दुरुस्त करायला टाकलं, बानाबाईच्या आधारकार्डाला मोबाइल जोडायची वेळ घेतली, गॅसची सबसिडी कुठं अडकली ते शोधून काढलं. योगिनीची वर्षभराची तुंबलेली कामं त्यानं एका बैठकीत मोकळी केली. नवरा कामं करतोय म्हणून भांडायचं तरी कसं?

"हे सगळं झ्याक केलंत," ती शेवटी म्हणाली. "पण काकासाहेबांना फोन करायला दोन मिनिटं लागली असती. द्या इकडं, मी लावते."

"तू मध्ये पडू नको. त्यांच्याशी बोलायची एक रीत असते."

"मग त्या रीतीनं तुम्ही बोला."

"बोलतो म्हटलं ना!" तो एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून त्यानं तिला बसवून तिच्या फोनमधले जुने फोटो महिन्यावार लावून दिले.

अमावस्येच्या आदल्या दिवशी त्याला सगळ्यात मोठी कल्पना सुचली. सिल्लोडपासून पैठणपर्यंतच्या वाटेवर मेंढरांना पाणी कुठं कुठं मिळेल, त्याचा नकाशाच तयार करायचा. नकाशे हा तर त्याचा हातखंडा. उपग्रहाच्या फोटोत तळं, पाझर तलाव, जुनी खाण, जे जे निळं किंवा काळसर दिसेल तिथं त्यानं पाण्याचा थेंब ठेवला. प्रत्येक थेंबाला गावाचं नाव, रस्त्यापासूनचं अंतर. आपण आबासाठी केवढं करतोय, या विचारानं एकदा तर त्याचे डोळेच भरून आले. ज्या रानात मेंढरांना बसायला मिळणार की नाही ते ठाऊक नाही, त्या रानाकडे जायच्या वाटेची त्यानं अशी चोख व्यवस्था लावली.

अमावस्येला रविवार होता. त्यानं सकाळी मेंढ्यांच्या रोगांवरचा एक मोफत ऑनलाइन कोर्स केला आणि शेवटची परीक्षा पास होऊन नाव छापलेलं प्रमाणपत्र मिळवलं. दुपारी त्यानं नेटवरच शोधलं, कामाची टाळाटाळ कशी थांबवावी. एक पोरसवदा माणूस हातवारे करत सांगत होता की सगळ्यात अवघड काम सकाळी सगळ्यात आधी करून टाका. रामेश्वरला ते मनापासून पटलं. व्हिडिओ लांबलचक होता, म्हणून त्यानं तो 'नंतर पाहू'मध्ये टाकून ठेवला.

संध्याकाळी त्यानं खरोखरच नंबर लावला. रिंग जायच्या आत कापला. अमावस्येला कुणाकडं काही मागू नये, असं माय म्हणायची, ते नेमकं त्याच वेळी आठवलं. शिवाय घाई तरी कशाची? आपण कळवल्याशिवाय आबा काही डोंगर सोडत नाही. डोंगरात रेंज नाही. मंगळवारी माय बाजाराला आली की तिचा फोन येईल. मंगळवारच्या आत काकासाहेबांशी बोललं म्हणजे झालं. तसा हिशेब लावला आणि त्याला झोप लागली. ती झोप कसली, सगळा वेळ फोन वाजतोय असंच वाटत होतं.

सोमवारी पाडवा होता. योगिनीनं गुढी उभारली, श्रीखंड आणलं. सणाच्या दिवशी काकासाहेबांना कशाला त्रास, म्हणून रामेश्वरनंही तो विषय काढला नाही. मंगळवारी बाजाराचा दिवस, तरी बानाबाईचा फोन आला नाही. बुधवारी ऑफिसात काम होतं. गुरुवारी सकाळी तो आंघोळीला निघाला आणि फोन वाजला. बानाबाई होती. आवाज असा स्वच्छ, की शेजारच्या खोलीतून बोलतेय असं वाटावं.

"माय, बाजारात आलीस का? आज कसा काय बाजार?"

"कशाचा बाजार रं? आमी फुलंब्री सोडली. आता सावंगीच्या अलीकडं हाव. ऊन लई तापलंय, कोकरं घोडीवर घातली."

रामेश्वरच्या हातातला टॉवेल खाली पडला. "फुलंब्री? कुठं निघालात तुम्ही?"

"कुठं मंजी? काकासाहेबाच्या रानात."

"अगं, पण मी कुठं कळवलं होतं तुम्हाला?"

"नाय कळवलंस म्हनूनच तर निघालो," बानाबाई म्हणाली. "नाय असतं तर तू कळवलं असतंस ना बाळा."

आपण काय करून बसलो ते आता रामेश्वरच्या ध्यानात येऊ लागलं. त्यांच्या मेंढपाळांत जागा बघायला एक माणूस पुढं जायचा. जागा मिळाली, की तो तिथंच मुक्काम करायचा, पाण्याची आणि वाटेची व्यवस्था बघत थांबायचा. होकार सांगायला कुणी एवढं चालून मागं यायचं नाही. तो परत यायचा तो फक्त नकार घेऊन. ठरल्या दिवसापर्यंत पुढं गेलेला माणूस दिसला नाही, म्हणजे जागा झाली. मेंढरांभोवतीच्या जाळ्याची वाघर गुंडाळायची, घोडीवर बिऱ्हाड लादायचं आणि निघायचं. सखारामकाका दर साली असाच परत न येता थांबायचा. रामेश्वर लहानपणापासून वसतिगृहात. हे त्यानं ऐकलं होतं, पण तो ते कधी जगला नव्हता. त्याला वाटत होतं की आपण अजून काहीच उत्तर दिलेलं नाही. तिकडं आबाच्या लेखी त्यानं केव्हाच उत्तर दिलं होतं.

"माय, मी... मी फोन करतो तुला," एवढंच तो म्हणाला.

तरीही त्याचा अंगठा आधी गेला तो धरणाच्या पातळीवर. योगिनी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, काकासाहेबांचा तो नीटनेटका नंबर काढून लावला आणि फोन त्याच्या कानाला धरला.

"कोण? रामेश्वर?" पलीकडून दणदणीत आवाज आला. "मुंजाबाचा रामेश्वर? अरे गड्या, होतास कुठं तू? सखाराम होता तवर होळी झाली की दारात हजर असायचा. औंदा म्हटलं कुणी येईल, निदान फोन तरी येईल. तुझ्या बापासाठी विहिरीकडचं रान राखून ठेवलं होतं मी. दोन कळपवाले येऊन गेले, त्यांना वाटेला लावलं. मुंजाबाचा फोन काही लागेना आणि तुझा नंबर माझ्याकडं नव्हता. आमुशापर्यंत वाट बघितली. मग धरून चाललो, की मुंजाबा खानदेशात उतरला. पाडव्याला नगरकडची मंडळी आली, लहान लहान लेकरं होती संगं. त्यांना हो म्हणून बसलो."

"काका, आबा निघालेत... सावंगीला आलेत."



"आता काय करू मी?" काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "बसलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणू? आणि विहिरीत दोन कळपांना पुरेल एवढं पाणी असतं, तर तुला हे ऐकवलं असतं का? अरे, एक फोन करायचास रे बाबा."

ज्या नकाराच्या धाकानं त्यानं आठवडाभर फोन टाळला होता, तो नकार तिथं नव्हताच. तिथं होकार वाट बघत बसला होता, आणि वाट बघून बघून उठून गेला होता. योगिनीनं पाण्याचा जार आणि कालच्या पोळ्या पिशवीत भरल्या आणि मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात दिली.

वाटेत आईला फोन करून खरं सांगता आलं असतं. त्यानं केला नाही. असलं समोरासमोर सांगावं, असं त्यानं ठरवलं. टाळाटाळीला चांगलं नाव द्यायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

जळगाव रस्त्याला शहर कुठं संपतं ते आता कळतच नाही. जिथं तिथं कमानी, झेंडे, 'बुकिंग सुरू'चे फलक, आणि त्यांच्यामागं उन्हात तापलेली मोकळी जमीन. असले कितीतरी लेआऊट रामेश्वरनं स्वतः काढलेले. सावंगीच्या पुढं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत त्याला कळप दिसला. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून धापा टाकत उभी होती. गेल्या महिन्यात होळीला पाहिलेली हीच का ती, असं वाटावं इतकी पाठीची हाडं वर आलेली. डोक्याला तांबडा पटका गुंडाळलेला मुंजाबा त्याला बघून ताडकन उठला.

"हे बग!" तो बानाबाईला मोठ्यानं म्हणाला. "सखाराम नुसता थांबून ऱ्हायचा. आपला मानूस सामोरा आला न्यायला!"

रामेश्वरनं तोंड उघडलं, आणि बापाचा तो उजळलेला चेहरा बघून पुन्हा मिटलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तो बोलला ते हे: "आबा, मेंढरांना आधी पाणी पाजू. इथनं जवळच एक तळं आहे. मी सगळा नकाशा केलाय."

त्यानं फोन काढून निळे थेंब दाखवले. मुंजाबाला त्यातलं काही कळलं नाही, पण लेकाच्या बोटाबरोबर त्याची नजर फिरत राहिली. कळप उठवला. तापलेल्या फुफाट्यातून, मोटरसायकल हातानं ढकलत, रामेश्वर पुढं आणि मेंढरं मागं. एक म्हातारी मेंढी दोनदा बसली. बानाबाईनं तिला उचलून उभी केली. नकाशावरच्या थेंबापाशी ते पोचले तेव्हा तिथं मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान होतं. चुन्यानं रंगवलेले दगड रांगेनं पुरलेले होते. तळं जिथं होतं, तिथं एक खोलगट जागा उरली होती आणि तीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. मेंढरं त्या खोलगटात उतरली, माती हुंगली आणि तिथंच उभी राहिली.

"हे पानी कवा पायलं हुतं तू?" मुंजाबानं विचारलं.

"नेटवर दिसत होतं, आबा." उपग्रहाचा तो फोटो पावसाळ्यातला होता, आणि तोही कुठल्यातरी जुन्या चांगल्या सालचा. नकाशे काढणं हा ज्याचा धंदा, त्याला फोटोची तारीख बघायचं सुचलं नव्हतं.

ती म्हातारी मेंढी आडवी झाली ती उठलीच नाही. पोटाचा भाता जोरजोरात हलत होता, मग हळूहळू हलायला लागला. बानाबाई जारमधलं पाणी ओंजळीनं तिच्या तोंडात सोडत होती, ते बाहेर ओघळत होतं. हे बघितलं आणि रामेश्वरच्या आतलं काहीतरी तुटलं. त्यानं कुठलाही व्हिडिओ न बघता, कसलीही तुलना न करता मुकुंदवाडीतल्या धम्मपालला फोन लावला. धम्मपालचे पाण्याचे दोन टँकर होते आणि गल्लीत सगळ्यांना तोच पाणी पुरवायचा.

"धम्मादादा, सावंगीच्या पुढं एक टँकर पाहिजे. आत्ताच्या आत्ता. मेंढरं मरायला लागलीत."

"कंपनीचा भरलेला उभा आहे," धम्मपाल म्हणाला. "तो वळवतो. कंपनीला मी सांगतो काहीतरी. ठिकाण पाठव."

टँकर आला. खोलगटात ताडपत्री अंथरून त्यात पाणी सोडलं, तशी मेंढरं एकमेकींच्या अंगावर चढून प्यायली. म्हातारी मेंढी मात्र तोवर गेली होती. बानाबाईनं तिचे डोळे मिटले आणि पदरानं तोंड पुसलं. मुंजाबा ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसून कळपाकडं बघत होता. मग म्हणाला, "प्याली. सांजचं निगू. चार-पाच मुक्काम आन मंग काकासाहेबाची हीर."

आता पुढं ढकलायला काही उरलं नव्हतं.

"आबा, काकासाहेबांकडं जागा नाही. दुसऱ्यांना दिली त्यांनी."

मुंजाबानं मान वळवली. "कवा कळलं तुला?"

"आज सकाळी."

"आन इचारलंस कवा?"

बानाबाईला उत्तर न सांगताच कळलं. ती "आगं माय माय" म्हणत हातातला जार घेऊन मटकन खाली बसली.

"सकाळीच विचारलं," रामेश्वर म्हणाला. "आमुशापर्यंत त्यांनी जागा राखली होती. मी फोनच केला नाही. मला भ्या वाटत होतं, ते नाही म्हणतील म्हणून."

मुंजाबा ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर रामेश्वरला बरं वाटलं असतं. त्यानं पटका सोडला, झटकला, पुन्हा गुंडाळला.

"म्या तुला व्हय आनायला सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "काय ते उत्तर आन म्हनलं हुतं. नाय आनलं असतंस तरी आजच्याला मी खानदेशात असतो रं. अर्धी तर अर्धी, पन जित्ती आन अंगानं भरल्याली."

रामेश्वरला आपली लाज वाटली, अशी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. आठवडाभर केलेली ती सगळी कामं, तो तक्ता, ते प्रमाणपत्र, आईचं आधारकार्ड, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. त्यातलं एकही काम खोटं नव्हतं. त्यातल्या एकाही कामानं समोरच्या या मेंढरांपैकी एक वाचणार नव्हतं.

मुंजाबा कळपातून एक फेरी मारून आला. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून, हाडं चाचपून. परत आला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

"मागं जायला यांच्यात दम नाय, आन पुढं जायला जागा नाय. अर्ध्याच्या वर काढावी लागतील. आज गुरुवार हाय, छावनीचा बाजार उठायला अजून टाइम हाय. व्यापाऱ्याचा नंबर तुझ्या मायच्या फोनात हाय. तेला सांग, जनावरं चालत आनायच्या लायकीची नायत, गाडी घेऊन हितंच ये."

बानाबाईनं फोन पुढं केला. तिनं लेकाकडं बघितलं नाही. रामेश्वरनं नंबर आपल्या फोनमध्ये घेतला आणि घसा खाकरला. "आबा, व्यापारी पाडून मागंल. मी आधी नेटवर जरा आजचे भाव बघून घेतो, म्हंजे आपल्याला बोलताना..."

मुंजाबानं त्याच्या फोनवर हात ठेवला. रामेश्वरचं बोट तिथंच थांबलं.

"भाव मला म्हाईत हाय," मुंजाबा म्हणाला. "तू फोन लाव. हा तरी आज लाव."

रामेश्वरनं फोन लावला. व्यापाऱ्यानं तो पहिल्याच रिंगला उचलला.